हिंचक्याजवळचा फोन

मागच्या आठवड्यात बडोद्याच्या सयाजीगंजमधल्या एका ऑफिसात एक प्रकार पाहिला... तसा छोटाच, पण डोक्यातून जात नाहीये.

माझं काम ऑफिसच्या फोनचं. हल्ली त्यात कॉल लॉगिंग सॉफ्टवेअरची मागणी फार आहे. कुठल्या फोनवरून कुठे कॉल गेला, किती वेळ चालला, याची आपोआप नोंद होते आणि शेठच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट येतो. शेठलोक हे बघून खूश होतात, स्टाफ जरा कमी.

या ऑफिसचे शेठ किरीटभाई. केमिकलचा धंदा, फॅक्टरी शहरापासून लांब नंदेसरीला, ऑफिस इथे. पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, बोलायचं ते ऑफिसच्याच लाइनवरून, हा त्यांचा नियम.

ऑफिसच्या मधोमध एक हिंचका आहे, म्हणजे आपला झोपाळा. शेठच्या वडिलांच्या वेळचा, पितळी कड्यांचा. शेजारी स्टुलावर एक फोन... बडोद्यात याचं कोणाला नवल वाटत नाही, मलाही वाटलं नाही.

सेटअप करताना प्रत्येक एक्स्टेंशनला नाव द्यावं लागतं. हिंचक्याजवळच्या फोनला मालकच नव्हता, आणि सॉफ्टवेअर रकाना रिकामा सोडू देईना. मॅनेजर जयेशभाई म्हणाले, "सुलभाबेननुं लखी दो ने. एमनुं टेबल बाजूमां ज छे." त्यांचं टेबल शेजारीच, म्हणून मी सुलभाबेनचं नाव लिहिलं. सुलभाताईंच्या नावावर त्यांचा स्वतःचा एक फोन होताच, हा दुसरा झाला.

सुलभाताई म्हणजे तिथे डिस्पॅच बघणाऱ्या. आमच्याच मराठी, इथे जवळच अकोट्याला राहतात. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून दुपारी स्कूटरवरून जाऊन त्यांना भरवून परत येतात. सयाजीगंजहून हे जमतं.

पुढे रिपोर्ट येऊ लागले, आणि दर वेळी सुलभाताईंचं नाव सगळ्यात वर. बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त. शेठनी रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावायला सुरुवात केली, म्हणजे लोक सुधारतील... ही त्यांची कल्पना.

मागच्या आठवड्यात मला बोलावलं ते लाइव्ह स्क्रीन चालू करून द्यायला. म्हणजे आत्ता या क्षणी कोण फोनवर आहे ते शेठना केबिनमध्ये बसून दिसावं. मी जोडणी करत होतो आणि शेठ आपले सांगत होते की आ बेन तो आखो दिवस फोन पर, म्हणजे ही बाई दिवसभर फोनवरच, पहिल्या तारखेपासून त्यांना नंदेसरीला टाकतोय, तिथे फोनच कमी.

नंदेसरीहून दुपारी अकोट्याला येणं शक्य नाही. हे मला कळत होतं, तरी मी जोडणी करत राहिलो. आपण वायर जोडणारे...

तेवढ्यात शेठना एका पार्टीशी बोलायचं आठवलं. केबिनमध्ये त्यांच्या टेबलावर फोन आहे. तरी ते उठले, बाहेर गेले, हिंचक्यावर बसले आणि पायाने हलकासा झोका घेत नंबर लावला.

त्याच वेळी सुलभाताई आत आल्या. हातात अर्ज होता, नंदेसरी नको म्हणून. शेठ मोकळे होईपर्यंत माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

आणि स्क्रीनवर हिरवी ओळ आली. 'सुलभा – कॉल चालू.'

मी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनीही ती ओळ वाचली. काचेपलीकडे शेठ आरामात झुलत होते.

शेठ परत आल्यावर मी काही समजावलं नाही, फक्त शेवटची नोंद दाखवली. त्यांनी नंबर वाचला, वरचं नाव वाचलं. "आ तो हुं छुं," एवढंच म्हणाले. म्हणजे हा तर मीच.

मग जुन्या नोंदी उघडल्या. ट्रान्सपोर्टवाले, बँक, जयेशभाईंची सुरतेची बहीण, शेठची मुलगी... सगळं ऑफिस हिंचक्यावर बसून बोलत होतं. सुलभाताईंच्या स्वतःच्या फोनवरचे कॉल अगदी बेताचे निघाले.

शेठनी तो अर्ज न वाचताच परत दिला, म्हणाले आता याची गरज नाही. बोर्डावरचा कागद स्वतः जाऊन काढला. माणूस वाईट नाही.

सुलभाताई मात्र मला हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, शेठचं जाऊ द्या. बाकीचे रोज त्याच हिंचक्यावर बसत होते आणि रोज तो कागद वाचत होते."

मीही तासभर सगळं ऐकूनच घेत होतो. ते आठवून आत्ताही लाज वाटते.

त्या एक्स्टेंशनचं नाव मी बदलून 'हिंचका' केलं. सॉफ्टवेअरने निमूटपणे घेतलं. पहिल्याच दिवशी घेतलं असतं.

निघण्याआधी सगळं नीट चालतंय ना म्हणून स्क्रीन एकदा पाहिली. 'हिंचका – कॉल चालू.' मागे वळून बघितलं तर सुलभाताई बसल्या होत्या. त्यांना हिंचक्यावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाय जमिनीवरून उचललेले, रिसिव्हर कानाला, आणि घरी सांगत होत्या... "अहो आई, उद्यापण मीच येणार आहे भरवायला."

तो कॉल किती वेळ चालला ते सॉफ्टवेअरला माहीत आहे. मी पाहिलं नाही.