गेटपाशी मारलेली हाक

मुलांनो, परवा परदेशातून फोनवर आपली धाकटी नात म्हणाली, तिथल्या शाळेत बाईंना तिचं नाव घेता येत नाही, तर कागदोपत्री सोपं नावच करून घेऊ या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणून आता लिहिते.

इंग्रजीतून शिकून मी मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत नोकरीला लागले, तेव्हा पंचविशीची होते. सगळं जिथल्या तिथे लागायचं मला. पाड्यांवर तेव्हा मूल ज्या वारी जन्मलं, त्या वारावरून नाव ठेवायचे. त्या वर्षी पहिलीत एकाच वाराच्या चार मुली आल्या. हजेरी घ्यायची कशी? तिघींना मी शहरी नावं दिली आणि रजिस्टरात लिहून टाकली. जुन्या नावाला कुणी ओ दिली, तर मी रागवायचे. महिन्याभरात मुली शिकल्या.

त्या तिघींतल्या एकीची आई सूर्यमाळहून भेटायला आली. गेटपाशी उभी राहून तिने लेकीला घरच्या नावाने हाक मारली. मुलगी माझ्याशेजारी पाटी पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आईने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा.

"बाई, माझी पोर बहिरी झाली काय?"

मला तेव्हा हसू आलं होतं.

ती मुलगी आता पन्नाशीला आली आहे. मागच्या वर्षी तिची आई गेली. आईच्या नावावर वनजमिनीचा लहानसा पट्टा होता आणि वारस म्हणून तिने लेकीचं घरचं नाव सांगून ठेवलं होतं. लेकीच्या सगळ्या कागदांवर मात्र मी दिलेलं नाव. ही तीच बाई, असा कोर्टाचा हुकूम आणा, असं कचेरीत सांगितलं. ती जव्हारला माझ्याकडे आली.

"आईनं दिलेलं नाव पायजे मला, बाई. जमिनीला बी आणि मला बी. आता सांगणारं तुमच्याबिगर कोण हाय?"

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती म्हणाली, "तवा तुमी मला हजेरीला उभं करायचात. आज मी तुमाला उभं केलं." दोघी हसलो. मग माझा पुकारा झाला.

न्यायाधीशांनी विचारलं, "चार मुलींचं नाव एकच होतं. त्यांतली ही कोणती, हे इतक्या वर्षांनी कशावरून सांगता?"

रजिस्टरात मी फक्त नवी नावं लिहिली होती, तिथे त्याचं उत्तर नव्हतं. मी गेटपाशी मारलेल्या त्या तीन हाका सांगितल्या. "आई बोलावत होती आणि जी वळली नाही, ती ही. माझ्या भीतीने वळली नाही."

मागे ती तोंडाला पदर लावून बसली होती. तिच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याकडे एवढंच होतं.

दोन्ही नावं एकाच बाईची असून यापुढे घरचंच नाव धरावं, असा निकाल लागला. पट्टा तिच्या नावावर झाला. हुकूम हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "आता हाक मारायला ती नाय."

ते रजिस्टर अजून शाळेच्या कपाटात आहे. माझ्या अक्षरातल्या नावावर निकालानंतर मारलेली लाल रेघ आहे आणि शेजारी तिच्या आईने ठेवलेलं नाव लिहिलेलं आहे.