गोलात पहिला कोण?

माझ्या आतोबांच्या मते जगातली निम्मी दुःखं माणसं चुकीच्या जागी बसल्यामुळे होतात आणि उरलेली, ती उठायला तयार नसल्यामुळे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ग्वाल्हेर दरबारात कोणी कुठे बसायचं हे ठरवणं हीच त्यांची नोकरी. संस्थान विलीन झालं, दरबार संपला, पण आतोबांचं खातं घरात चालूच राहिलं. पंगतीत भात वाढून झाल्यावरही ते एखाद्या जावयाला उठवून वरच्या पाटावर बसवत. दौलतगंजातल्या एका अंत्ययात्रेत तर त्यांनी खांदेकऱ्यांचा क्रम बदलायला लावला. म्हणाले, "गेलेला माणूस मानाचा होता. त्याला हे खपलं नसतं."

पुढे मध्य भारताची राजधानीही ग्वाल्हेरहून भोपाळला निघाली. बाड्यावर, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, दफ्तरांचे ट्रक भरायचे आणि आतोबा रोज जाऊन त्यांचं अंत्यदर्शन घ्यायचे. अशात स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचं एक लोकनृत्याचं पथक गावात आलं आणि बसण्याची व्यवस्था आतोबांकडे आली. त्यांनी पेटीतून शिंदेशाही पगडी काढली. "भोपाळला जाणारे साहेबलोकही येतायत. काय सोडून चाललेत ते कळू दे त्यांना."

मैदानात खुर्च्या अशा लागल्या होत्या, की दरबारच भरावा. मग सनईच्या चुलतभावंडांसारखी वाद्यं वाजू लागली. एक गृहस्थ एका हाताने बासरी वाजवत त्याच हाताच्या कोपराला बांधलेली इवलीशी ढोलकी दुसऱ्या हाताने बडवत होते. नाचणाऱ्यांनी आपले कोट मध्यभागी ढिगात टाकले, हात धरून गोल केला आणि सत्यनारायणाला बसल्यासारख्या चेहऱ्यांनी पावलं टाकू लागले. तेवढ्यात दुभाषी म्हणाला, "जिसका जी चाहे, आ जाए."

झालं. साहेब उठले, त्यांचा चपराशीही उठला आणि दोघं हातात हात घालून गोलात शिरले. खुर्च्या ओस पडल्या. आतोबा दुभाष्याकडे धावले.

"इसमें पहला कौन है?"

"गोल में पहला कौन होगा, साहब?"

आतोबा माझ्याकडे वळले. "मग हे लोक भांडतात तरी कशावरून?"

इतक्यात बायकांच्या मागच्या रांगेतून आत्या उठली, पिशवी ढिगात ठेवून गोलात शिरली आणि म्हणाली, "अहो, या की."

"कुठे उभा राहू?"

"कुठेही."

आयुष्यात त्यांना ही जागा कोणी दिली नव्हती. त्यांनी पगडी उतरवली, कोटांच्या ढिगावर ठेवली, अर्थात सगळ्यात वर, आणि आत्याचा हात धरला. पावलं शेवटपर्यंत चुकली.

त्यानंतर जेवायला हाक आली की आतोबा दिसेल त्या पाटावर बसायचे. जावयांना कोणी उठवेना. आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग आम्ही सगळे त्यांच्यासाठी पहिला पाट मोकळा सोडून बसू लागलो.