बोलायचं नसेल तिला

माझ्या मामाला आमच्या इमारतीत कुणी नावाने ओळखत नाही. त्याला सगळे एकदोनतीन म्हणतात. एकतीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात काढली, अर्धी खांबांवर आणि अर्धी खड्ड्यांत. दुरुस्ती झाली की रिसीव्हर कानाला लावायचा आणि एकच मंत्र म्हणायचा, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. येतोय का आवाज?" ही सवय घरीही सुटली नाही. मामीने हाकेला ओ दिली नाही की हा न्हाणीघराच्या दाराशी उभा, "हॅलो, एक, दोन, तीन."

"लाइन व्यस्त आहे!" मामी आतून ओरडते.

निवृत्त झाल्यावर दुसरा कुणी पेपर घेऊन बसला असता. मामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि राउटरची माहितीपुस्तकं वाचायला घेतली. तारांची जागा आता डब्यांनी घेतली होती, तर डबे शिकायचे. वर्षभरात आजूबाजूच्या दहा-बारा इमारतींत इंटरनेट अडलं की लोक एकदोनतीनला बोलवायला लागले. तो हातातलं काम टाकून जायचा, आणि काम संपलं की त्याचं ठरलेलं वाक्य टाकायचा, "लाइन कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं."

हल्ली तो हे वाक्य म्हणत नाही.

आमच्या दोन मजले खाली शिवणवाल्या ताई राहतात. खोलीत शिरलं की आधी मशीन दिसतं, मग ताई. खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने, मनगटावर टाचण्यांची उशी. नवरा गेल्यावर त्या मशीनवर त्यांनी लेकीला वाढवलं, शिकवलं आणि दूर देशी पाठवलं. लेकीने तिकडून एक इंटरनेटचा फोन पाठवला होता, दिसायला अगदी टेबलावरच्या जुन्या फोनसारखा, फक्त त्याची वायर भिंतीत न जाता राउटरमध्ये जाते. बुधवारी आणि रविवारी दुपारी तो वाजायचा. त्या वेळेला ताई कुणाचं माप घ्यायच्या नाहीत.

एका बुधवारी लेक म्हणाली, "आई, पुरे झालं. मशीन विक आणि इकडे राहायला ये."

ताई म्हणाल्या, "मशीन विकू? त्यापेक्षा मला विक." आणि फोन ठेवून दिला.

आणि त्याच आठवड्यात, दिवे तीनदा गेले-आले त्यात, ताईंचा राउटर जळला. मामाने नवा आणून बसवला. रविवारी फोन वाजला, ताईंनी उचलला, आणि पलीकडे चिडीचूप. बुधवारी तेच. पुढच्या रविवारी तेच. मग त्यांनी मामाला बोलावलं.

"भाऊ, फोन वाजतो, उचलते, आणि पलीकडे कुणी नाही."

"नंबर कुणाचा दिसतो?"

"तिचाच."

"आणि तुम्ही बोलता तेव्हा?"

"भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

मामाने वायर काढून पुन्हा बसवली. मग त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, ताईंच्याच वायफायला जोडला, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला आणि इंटरनेटवरूनच ताईंचा फोन लावला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. येतोय का आवाज?"

"येतोय हो," बाहेरच्या खोलीतून ताई म्हणाल्या. "फोनमधूनही येतोय आणि भिंतीतूनही."

"मग झालं तर! फोन ठणठणीत आहे."

"मग ती बोलत का नाही?"

मामा स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालत होता. अजून दोन घरं बाकी होती. तो हसला, मनात काही नसताना माणूस हसतो तसा, आणि म्हणाला, "आता ताई, मी तार दुरुस्त करू शकतो, माणूस नाही. बोलायचं नसेल तिला."

पुढच्या घराची घंटा वाजवेपर्यंत तो हे विसरलाही होता. ताईंच्या खोलीत मात्र ते वाक्य टाचणीसारखं टोचून राहिलं. पुढच्या वेळी फोन वाजला तेव्हा पलीकडच्या शांततेला त्या म्हणाल्या, "बोलायचं नसेल तर फोन करून छळू नकोस." त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि फोनवर अस्तराचं उरलेलं कापड टाकून ठेवलं. लेकीने त्यांच्या साध्या, बटणांच्या मोबाइलवरही फोन केला. ताईंनी नंबर बघितला आणि फोन कापला.

मशीन तेवढं चालू राहिलं.

सात आठवड्यांनी मामाला एका दातांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथेही त्यानेच राउटर बसवला होता, ताईंकडे बसवला तोच नमुना, आणि फोनही तसाच, त्या राउटरला जोडलेला. स्वागताच्या टेबलामागे एक पोरगेली बाई बसते, जिभेने धारदार.

"काका, रुग्णांना माझा आवाज जातो, पण त्यांचा मला येत नाही. परवा एकाला तीनदा विचारलं, कुठला दात दुखतोय? तो म्हणे भर रस्त्यात ओरडून सांगत होता. सगळ्या रस्त्याला कळलं, मला सोडून."

"बघतो," मामा म्हणाला. मोबाइल काढला, दवाखान्याच्या वायफायला जोडला, आतल्या खोलीत गेला आणि फोन लावला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. हे काय, येतोय की!"

"तुमचा येणारच. तुम्ही घरातल्या घरात हाक मारताय. माझे रुग्ण काय आतल्या खुर्चीवरून फोन करतात? जरा रस्त्यावर जा, आमचं वायफाय बंद करा, आणि मग म्हणा तुमचं एकदोनतीन."

मामा रस्त्यावर गेला. टायरवाल्याच्या दुकानाशी उभा राहिला, वायफाय बंद केलं आणि नंबर लावला. काचेतून त्याला दिसलं, तिने रिसीव्हर उचलला. "हॅलो?" तिचा आवाज त्याला अगदी लख्ख ऐकू आला.

"हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन."

"हॅलो? कोण बोलतंय?"

"अगं, मीच! एक, दोन, तीन! येतोय का?"

"हॅलो? बोला ना. बोलायचं नसेल तर फोन कशाला करता हो?" आणि काचेपलीकडे तिने मान हलवून रिसीव्हर ठेवला.

मामा म्हणतो, त्या क्षणी टायरवाल्याने हवा सोडली की त्याच्या छातीतून गेली, ते त्याला आजही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो गप्प. ताटात वाढलेलं तसंच राहिलं.

"दातांच्या दवाखान्यात गेलात आणि तोंडच तिथे ठेवून आलात की काय?" मामी म्हणाली.

"माझं चुकलं," मामा म्हणाला.

हे दोन शब्द आमच्या घरात इतके नवे होते की मामीने हातातला डाव खाली ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. दवाखान्यातला दोष त्याने शोधून काढला होता. त्या राउटरमध्ये इंटरनेट फोनला मदत म्हणून एक सोय आधीपासून चालू असते. मदत कसली, लुडबुड. "बघ पोरी," तो मला म्हणाला, "फोनची घंटा एका वाटेने येते आणि आवाज दुसऱ्या वाटेने. राउटर म्हणजे दारावरचा माणूस. आतला आवाज बाहेर जायला त्याची हरकत नाही. पण बाहेरचा आवाज आला, तर तो आत कुणाला द्यायचा हे लिहिलेली चिठ्ठी लागते. ही सोय त्या चिठ्ठीवर चुकीचा पत्ता खरडते. मग आवाज दाराशी येतो आणि तिथेच मरतो. ती सोय बंद केली, की दवाखान्याचा फोन बोलायला लागला."

"मग वाईट काय झालं?" मी विचारलं.

"मी ताईंच्या घरात, ताईंच्याच वायफायवरून फोन करून बघितला. माझा आवाज दारापर्यंत गेलाच नाही. आतल्या आत फिरला. ती पोरगी बोलत होती. प्रत्येक फोनवर बोलत होती. आणि मी तिच्या आईला काय सांगून आलो?"

मामीने त्याच्यासमोर पाणी सरकवलं. "मग उद्या जा आणि सांगा."

"सांगायचं काय त्यात? जातो, ती सोय बंद करतो. फोन सुरू झाला की झालं."

"अहो, फोन सुरू होईल. पण ताईंना वाटेल, लेकीचा रुसवा गेला. लेक कधी रुसलीच नव्हती, हे त्यांना कोण सांगणार? राउटर?"

मामाने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे होते. मी एका नाटकात काम करत होते, त्यातला कोट त्या माझ्या अंगावर बेतत होत्या. एक बाही लागलेली, दुसरी नुसती टाचण्यांवर. हात आडवा धरून मी शेतातल्या बुजगावण्यासारखी उभी असताना मामा आला.

"ताई, तुमच्या राउटरचं जरा काम होतं."

"मी तर तक्रार केली नाही."

"नाही, असंच. तपासणी."

तो खाली बसला. पाच मिनिटांत त्याने ती सोय बंद केली. मग जिना उतरून रस्त्यावर गेला आणि तिथून फोन लावला. अस्तराखाली घंटा वाजली. ताई हलल्या नाहीत. शेवटी मोकळ्या हाताने मीच उचलला. "एक, दोन, तीन," मामाचा आवाज आला, स्वच्छ. मागून कुणाच्या तरी स्कूटरचाही आला.

तो धापा टाकत वर आला. "ताई, आता लेकीला फोन लावून बघा."

"कशाला?" ताईंच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. "तिला बोलायचं नाही. तुम्हीच म्हणालात की."

मला वाटलं, आता हा काहीतरी गोलमाल बोलेल. तोंड उघडलंही होतं त्याने. मग पिशवी खाली ठेवली.

"मी म्हणालो ते खोटं होतं."

ताईंनी टाचण्या ओठांतून काढल्या.

"म्हणजे, मला खरंच वाटलं होतं. पण मी नीट बघितलंच नव्हतं. तुमच्या घरात उभा राहून मी तुमचा फोन तपासला, ताई. एकतीस वर्षं या कामात काढली आणि बाहेर जाऊन बघायचं मला सुचलं नाही. मीच बसवलेल्या राउटरमध्ये दोष होता. तुमचा आवाज तिला जात होता. तिचा तुम्हाला येत नव्हता. ती बोलत होती. प्रत्येक वेळी."

माझा आडवा हात भरून आला होता, पण तो खाली घ्यायची माझी छाती झाली नाही.

"तिला माझा आवाज जात होता?" ताईंनी हळूच विचारलं.

"हो."

"मी जे जे बोलले ते सगळं?"

"हो, ताई."

ताई स्टुलावर बसल्या. "छळू नकोस म्हणाले मी तिला. ती बोलत असताना." मग त्यांनी मामाकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही नुसतं 'मला कळत नाही' म्हणाला असता, तर मी मोबाइल उचलला असता. एवढंच म्हणायचं होतं हो."

मामाने मान खाली घातली.

"तार दुरुस्त केलीत. ते वाक्य कसं काढाल?"

"नाही निघायचं ते," मामा म्हणाला.

ताईंनी अस्तर ओढून काढलं आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. "लावा. आधी तुम्ही सांगा तिला."

मामाने नंबर लावला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने फोनवर एक, दोन, तीन म्हटलं नाही. "मी वरच्या मजल्यावरचा... तुझ्या आईचा राउटर बसवला तो. पोरी, फोनचा दोष होता. माझा दोष होता. तुझ्या आईला तुझा एक शब्दही ऐकू आला नाही. एकही नाही. तिला वाटलं, तू गप्प बसतेस. तसं मीच सांगितलं होतं." एवढं बोलून त्याने रिसीव्हर ताईंच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि बाहेर गेला.

ताईंनी फोन कानाला लावला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"आई?" लेकीचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. "आई, आहेस का? हॅलो? आता तुझा आवाज येत नाहीये!"

"आहे," ताई म्हणाल्या. "आहे गं. तू काय काय बोललीस? सगळं सांग. पहिल्या रविवारी काय म्हणालीस?"

"पहिल्या रविवारी... मशीन विकू नकोस म्हणाले. माझं चुकलं म्हणाले. बराच वेळ बोलले होते मी, आई. रडलेही होते. आता कुठलं सगळं आठवायला?"

"आठव. मला सगळं हवंय."

मी कोट अंगात तसाच ठेवून बाहेर आले. टाचण्या टोचत होत्या. मामा खाली रस्त्यावर होता, फाटकाशी, उन्हात, मोबाइल कानाला लावून.

"काय म्हणाली पोरगी?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"सगळं आठवत नाही म्हणाली."

त्याने मान हलवली. पुन्हा नंबर लावला, ऐकलं, आणि बंद केला.

"एंगेज आहे," तो म्हणाला.

"मामा, वर चल. ऊन आहे."

"तू जा," तो म्हणाला. थोड्या वेळाने मी जिन्याच्या खिडकीतून वाकून बघितलं, तर तो तिथेच उभा होता, वायफाय बंद करून, पुन्हा तोच नंबर लावत.