पाणी प्या आणि झोपा

हॉलच्या दारातच दशरथचं पहिलं चुकलं. तो बूट पॉलिश करून आला होता.

खडकीच्या कारखान्यात हयात गेलेला माणूस. कुठं जायचं म्हटलं की कडक इस्त्री. निघताना शर्मिला, त्याची बायको, म्हणाली होती, “अहो, पोरीच्या वाचनाचा कार्यक्रम आहे, लग्न नाही.” तो म्हणाला, “म्हणूनच.” आता दारात उभ्या असलेल्या सोनाली मॅडमनी त्याचे बूट पाहिले, शर्टाची घडी पाहिली.

“आपण अपेक्षाचे वडील? स्वतः?”

“स्वतः. कारखान्याचं कार्ड दाखवू का?”

मॅडम हसल्या नाहीत. दवाखान्यात नातेवाइकाच्या हातावर ठेवतात तसा त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. दशरथला काही उमगलं नाही.

सोनाली मॅडम हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतल्या. दर शनिवारी त्या वस्तीतल्या विहारात वाचनाचा वर्ग घ्यायच्या. मोठ्या माणसांनी लिहिलेल्या लहानपणाच्या आठवणी पोरांना वाचायला द्यायच्या, समजावून सांगायच्या, मग स्वतःची एक आठवण लिहायला लावायच्या. ज्याची आठवण सरस, त्याचं इंजिनिअरिंगपर्यंतचं सगळं कंपनी बघणार. खासगी कॉलेजची फी ऐकून कँटीनमध्ये दशरथचा चहा गार झाला होता. त्याला हा वर्ग म्हणजे देवदूतच वाटला, आणि तो काही देव मानणारा नव्हे.

दहावीतल्या अपेक्षानं आधी खरंच स्वतःचं लिहिलं होतं. पप्पा सायकलचं कॅरिअर धरून क्वार्टरच्या रस्त्यावर मागं धावले ते. भोंगा झाला की आई कुकर लावायची ते. मॅडमनी वाचून विचारलं, “छान आहे गं, पण यात स्ट्रगल कुठंय?”

घ्या! पोरीचं पोट भरलेलं, हीच पोरीची चूक. आमचं बालपण पाहिजे या लोकांना, पण उपाशी पाहिजे.

मग तिनं दुसरं लिहिलं. घरी दाखवलं नाही. “सरप्राइज आहे,” म्हणाली.

आता ती स्टेजवर आली, माइक खाली ओढला आणि म्हणाली, “आमच्या घरात चूल पेटली नाही, की मी शेजारच्या धुराचा वास घेत बसायचे.”

दारात वाटलेला पेढा दशरथच्या हातात तसाच राहिला. हे त्याचं होतं. दुष्काळातलं, इंदापूरकडच्या गावातलं, त्याचं स्वतःचं.

त्यांच्या विहाराची एक रीत होती. रविवारी वंदना झाली की कुणी एकानं उठून आपली हकिकत सांगायची. ज्याला येणं जमलं नाही, त्याच्या पोरानं उभं राहून ती ‘मी’ म्हणूनच सांगायची, म्हणजे हकिकत चुकत नाही. एकदा दशरथचा घसा बसला होता तेव्हा अपेक्षानं ही अशीच सांगितली होती. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. तिथं सगळ्यांना ठाऊक होतं भूक कुणाची. इथं कुणाला?

“माझे वडील तांब्या पुढं करून म्हणायचे, पाणी प्या आणि झोपा. सकाळी बघू.”

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. इस्त्रीच्या शर्टावर आल्या, बुटांवर आल्या.

“अहो,” शर्मिला कुजबुजली, “लोकांना वाटतंय तुम्हीच तिला...”

“कळतंय मला. गप बस.”

कारखान्यात हा माणूस साहेबाला तोंडावर सुनावणारा. ‘पोरीला एक दिवस उपाशी ठेवली नाही मी!’ एवढंच ओरडायचं होतं. तो अर्धा उठलाही. पण ओरडला की कॉलेज गेलं, आणि भर सभेत पोरगी खोटी पडली. सोनाली मॅडमनी त्याला उठताना पाहिलं, बापाला गहिवर आला असं समजून फोटोवाल्याला खूण केली. फ्लॅश पडला. दशरथ खाली बसला.

अजून एक वाक्य यायचं होतं. तेवढं तरी येईल म्हणून तो कान लावून बसला. पाणी देऊन त्याचा बाप बाहेर दगडावर जाऊन बसायचा, दाराकडं पाठ करून. लेकरांना तोंड दिसू नये म्हणून. ते वाक्य आलंच नाही. टाळ्या आल्या.

निकाल लागला. अपेक्षाच.

सोनाली मॅडम हात जोडून म्हणाल्या, “दादा, आता तरी हिचं शिक्षण थांबवू नका.”

“नाही मॅडम,” दशरथ म्हणाला. “नाही थांबवणार.”

बसमध्ये पोरगी आनंदानं बोलत होती. “पप्पा, तुमच्यासारखं जमलं ना?”

“जमलं. आजोबा दगडावर बसायचे, ते राहिलं.”

“लिहिलं होतं मी! मॅडमनी काढलं. म्हणाल्या, वडील चांगले निघाले की लोक कन्फ्यूज होतात.” मग ती जरा थांबली. “तुम्हाला राग आला?”

“नाही गं.”

घरी शर्मिलानं ताटं घेतली. श्रीखंड आणलं होतं. “अहो, हात धुवा, या.”

“तुम्ही बसा. आलोच.”

तो बूट न काढताच बाहेर गेला आणि क्वार्टरच्या पायरीवर बसला, दाराकडं पाठ करून.