लिंकनहून आणलेला दगड

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिघं बसले तरी किस्से साठतात. मग तेच तिघं परदेशात एका खोलीत तीन आठवडे राहिले तर काय होणार? आमच्या नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्याने इंग्लंडचं मशीन घेतलं आणि ते शिकायला आम्हाला लिंकनला धाडलं. मी, पाथर्डीचा आसाराम आणि नगरचा सलीम. पाच दिवस मशीन, शनिवार-रविवार गाव बघायचं!

*

लिंकनचं कॅथेड्रल टेकडीच्या माथ्यावर आहे. वर जाणारा रस्ता इतका उभा की अर्ध्यात आसाराम कठडा धरून थांबला.

"देव लई उंचावर बसवलाय राव! म्हाताऱ्या मानसांनी दर्शनाला यावं कसं?"

तेवढ्यात काठी टेकत एक आजी "मॉर्निंग!" म्हणत त्याच्या शेजारून वर निघून गेल्या. आसारामने कठडा सोडला आणि माथ्यापर्यंत कुठेच थांबला नाही.

*

खाली नदीवर एक जुना पूल आहे. पुलावरच घरं, मध्ययुगातली, आणि एका घरात चक्क चहाचं दुकान. आम्ही फोटो काढत होतो आणि आसाराम कपाळाला आठ्या घालून उभा.

"काय झालं रे?"

"खाली नदी, मधी पूल, वर घर. याचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

चहा देणाऱ्या बाईंना हा प्रश्न इंग्रजीत विचारायची जबाबदारी माझ्यावर आली. सातबाराला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही!

*

कॅथेड्रलच्या दारात मी तिकिटं काढून वळून बघतो तर आसाराम आणि सलीम दोघंही अनवाणी! बूट भिंतीशी नीट लावलेले. दारावरच्या बाई म्हणाल्या, बूट चालतात हो. सलीम हात जोडून म्हणाला, "मॅडम, आमचे नाही चालत."

मग मीही काढले. फरशी बर्फासारखी गार! तासभर आम्ही रंगीत काचा बघितल्या त्या पाय बदलत बदलत.

बाहेर आलो तर आमच्या तीन जोडांशेजारी आणखी चार जोड लावलेले! कुणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

*

आता सलीमचं सांगतो. त्याचे अब्बा दगड घडवणारे. उंबरे, पाटे, कबरीवरचे दगड, सगळं त्यांच्या हातचं. पुढे कामच येईना, तेव्हा टाक्या आणि हातोडे गोणीत भरून माळ्यावर टाकले आणि त्या दिवसापासून म्हातारा दिवसभर ओट्यावर बसून राहू लागला. सलीमची मुलगी सना आजोबांना म्हणाली, "दादा, मला शिकवा." तर अब्बा म्हणाले, "पोरींचं काम न्हाई ते." सलीमने मग ठरवून टाकलं होतं, परत गेलो की गोणी भंगारवाल्याला द्यायची. सांगताना त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

कॅथेड्रलच्या मागे दगडकामाची शेड होती. तिथे हॅना नावाची पंचविशीतली मुलगी टाकी आणि हातोडा घेऊन दगडावर पान कोरत होती. सलीमने लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

अब्बांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "तिला इचार, काम कदी संपनार?"

मी विचारलं. हॅना हसली. म्हणाली, "शेकडो वर्षं चालूच आहे. एक बाजू होते तोवर दुसरी झिजते."

"म्हंजे काम बंदच पडत न्हाई?" अब्बांनी विचारलं. आणि फोन ठेवण्याआधी, "तिला सांग, मनगट ढिलं सोड."

तिने सोडलं. पुढचा घाव बसला आणि तिने फोनकडे बघून अंगठा दाखवला!

*

निघताना हॅनाने अब्बांसाठी सरावाचा एक दगड दिला, वर अर्धवट पान कोरलेलं. विमानतळावर बॅग उघडली गेली.

"हे काय आहे?"

"दगड," सलीम म्हणाला.

"कुठे नेताय?"

"नगरला."

आसाराम माझ्या कानात पुटपुटला, "नगरला दगड! गावात कुनाला सांगू नगं."

*

आम्ही तिघंही आधी सलीमच्याच घरी गेलो. अब्बांनी दगड मांडीवर घेतला. उलटा केला, अंगठा फिरवला, नखाने कोपरा खरवडला. पांढरी भुकटी पडली.

"हा दगड हाय का पेढा?"

सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. पानाच्या कडेवर त्यांचं बोट थांबलं होतं.

"सना, माळ्यावरची गोणी काढ."

सनाने गोणी आणली. अब्बांनी आतून सगळ्यात बारीक टाकी शोधली, कुर्त्याला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"त्या पोरीची एक कड राहिलीया. बस इथं."