गाडग्यातलं लोखंड

सरांनी माझी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली. वर पिवळट पाक, तळाशी विटकरी थर.

"बघा," सर सगळ्यांना म्हणाले, "कितीही ढवळा. जे खालचं असतं, ते शेवटी खालीच बसतं."

मग त्यांची नजर बाटलीवरून माझ्यावर आली. तिथंच थांबली. खोलीत पाच संशोधक विद्यार्थी, दोन प्राध्यापक. सगळे हसले. 'खालचं' म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझं आडनाव दारावरच्या यादीत होतं.

मीपण हसले.

हे लिहायला बसले ते सरांसाठी नाही. माझ्या त्या हसण्यासाठी.

तेव्हा मी पंचेचाळीसची. लातूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ज्या वयात बायका गुडघ्याला तेल चोळतात, त्या वयात मला पीएचडीची हुक्की आली. शनिवारी एसटीनं नांदेडला, माझे मार्गदर्शक असलेल्या या सरांच्या प्रयोगशाळेत; रविवारी परत. किनवटकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं. ते धरून ठेवणारे मणी बनवायचे, हा माझा विषय. समुद्री शेवाळातून डिंकासारखं पॉलिमर मिळतं. त्याच्या पाकात गंजाची बारीक पूड मिसळायची आणि थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंबाचा मणी होतो, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. अर्धं पॉलिमर, अर्धं लोखंड. याला हायब्रीड पदार्थ म्हणतात.

म्हणतात खरं. माझा होत नव्हता. पुडीच्या गुठळ्या व्हायच्या, तळाशी जायच्या. पहिले मणी पोकळ, शेवटचे नुसता गाळ. सहा महिने ढवळलं. मशीन थकलं की मी. मी थकले की मशीन.

सरांनी बाटली दाखवली त्या दिवसापासून व्हरांड्यात ऐकू यायला लागलं, "गाळ मॅडम आल्या का?"

आल्या. दर शनिवारी येतच होत्या. आणि हसतही होत्या.

एका रविवारी घरी येऊन मोरीत हात घासत बसले. गंजाचे डाग नखांच्या कडेला बसलेले. लेक दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू पीएचडी करायलीस का साबुदाण्याची खिचडी?" मी घासतच होते. मग तिचा आवाज बदलला. "ठेव ना आई. रक्त निघेल."

माझा हात थांबला. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. बाच्या तोंडून.

मी चौथीत होते. औशाकडच्या आमच्या गावात बा चामडं कमवायचा, चपला शिवायचा. अंगणात एक गाडगं असायचं. गुळाचं पाणी, त्यात गंजके खिळे आणि बैलांचे झिजलेले नाल. आठ-दहा दिवसांत ते आंबायचं. बाभळीच्या सालीत भिजवून कमावलेल्या चामड्यावर बा ते पाणी फिरवायचा. बघता बघता चामडं काळंभोर. पुसून जात नाही, पायाला लागत नाही.

एका सकाळी मी सालीच्या पाण्यातून चामडी काढली आणि त्याच हातांनी गाडगं उचललं. ते हिंदकळून पाणी हातांवर सांडलं. शाळेत पोचेपर्यंत दोन्ही हात मनगटापर्यंत काळे.

"हात धुऊन ये. मगच वहीला हात लाव," गुरुजी म्हणाले.

राखेनं धुतले. मातीनं धुतले. परत आले तर तेच.

"तुमचं हे जायचंच नाही," गुरुजी म्हणाले. वर्ग हसला. मीपण हसले. सवय जुनी आहे माझी. त्यानंतर वर्षभर माझी जागा दाराशी, चपलांजवळ. चपला बाच्या हातच्याच होत्या, एवढं एक घरचं वाटायचं.

संध्याकाळी मी विटकरीच्या तुकड्यानं हात घासत होते. बानं तुकडा काढून घेतला.

"ठेव माय, रगत निघंल. ते वर न्हाई, आत हाय. सालीचं पाणी आत गेलं, लोखंडाचं पाणी आत गेलं. दोघं आतच भेटले."

मोरीत बसल्या बसल्या मला ते ऐकू आलं. मी पूड बाहेरून घालत होते. घालायचीच नव्हती. आधी नुसता मणी करायचा. तो लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात मुरू द्यायचा. मग अमोनियात टाकायचा. कण आतच तयार होतील.

ही रीत पुस्तकांत होतीच. मी वाचलीही होती, खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. रेघ मारली आणि पुढं गेले, अशी मी अभ्यासू.

पुढच्या शनिवारी केलं. पारदर्शक मणी पिवळे झाले. अमोनियात पडताच विटकरी. ब्लेडनं एक कापला. गाभ्यापर्यंत सारखा रंग.

"मी तर हेच म्हणत होतो," सर म्हणाले.

प्रबंधात मी एक ओळ लिहिली: ही रीत मला पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या गाडग्यात दिसली. सरांनी तिच्यावर लाल रेघ मारली.

"मॅडम, सेमिनारला बाहेरून तज्ज्ञ येतायत. विचारलं तर मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणा. गाडगं-बिडगं नको. डिपार्टमेंटची शोभा होईल." मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "शेवटी सही माझी लागते."

सेमिनारला बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलंच, "हे आतून करायचं कसं सुचलं?"

सर छताकडे बघत होते. माझे ओठ आपोआप हसायला लागले. मला ते जाणवलं. मी तोंड मिटलं.

"माझ्या बापाकडून," मी म्हणाले. "ते चामडं कमवायचे. चौथीत माझे हात काळे झाले म्हणून मला दाराशी बसवलं होतं. त्या काळ्या रंगात हीच रीत होती."

मग मण्यांची बाटली उचलून सरांसमोर ठेवली. "सर, आठ दिवस झाले. खाली गाळ बसला नाही."

कुणी हसलं नाही. टाळ्याही झाल्या नाहीत. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. तो मला आला नाही.

सही अजून झालेली नाही. तीनदा प्रत दिली, तीनदा परत आली. बाकी कुठं खूण नाही. फक्त त्या ओळीवर लाल रेघ.

"एका ओळीसाठी, आई?" लेक विचारते.

"हाव. एका ओळीसाठी."

चौथी प्रत आज छापून आणली. ओळ जिथल्या तिथं आहे. शनिवारी सरांच्या टेबलावर ठेवणार. रेघ मारली तर पाचवी छापीन. मग सहावी. सहीविना पदवी नाही मिळाली तर न मिळो. पण माझ्या बापाला दाराशी बसवायची सही मी करणार नाही.

आणि व्हरांड्यात कुणी 'गाळ मॅडम' म्हणालं, तर थांबून त्याच्याकडे बघीन. न हसता.