मस्कतचा आठ आकडी नंबर

वेबसाइट बंद पडली की लोक मला फोन करतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मी काहीच केलं नाही हां." खरंच कोणी काही केलेलं नसतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या बाईने, म्हणजे मीच, कुठेतरी एखादा अर्धविराम खाल्लेला असतो. म्हसळ्याला सासरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून मी हे काम करते. सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहायच्या, आणि लिहिताना गेला त्याहून जास्त वेळ त्या का चालत नाहीत ते शोधण्यात घालवायचा. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून कम्प्युटरशी भांडते." भांडते, आणि शिव्याही देते.

भांडणाची कारणं तीच ती. कधी पान पांढरंफटक येतं. चूक झालेली असते, पण ती दाखवू नकोस असं आपणच सर्व्हरला बजावून ठेवलेलं असतं. मग लॉग उघडायचा, म्हणजे सर्व्हर आपली रडगाणी जिथे लिहून ठेवतो ती फाइल. कधी मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, कारण डेटाबेसला आपली लिपी कळेल अशी सोय करायची राहून गेलेली असते. कधी फाइलच्या अगदी सुरुवातीला एक रिकामी जागा सुटते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि तेवढ्यावरून लॉगिन रुसून बसतं. चहा घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायला लागतं, दुसरा उपाय नाही.

या नादाला मला लावलं दादाने, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने. तो कामाला मस्कतला गेला आणि पहिल्या सुट्टीवर येताना माझ्यासाठी लॅपटॉप घेऊन आला. सोनं आणायचं सोडून हे डबडं काय उचलून आणलंस म्हणून आई चांगलीच फुगून बसली होती. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी तो फोन करायचा आणि आमच्या गप्पा इतक्या चालायच्या की आई म्हणायची, "आता मला दे गं, मी पण त्याची कोणीतरी लागते."

आई गेली तेव्हा त्याला विमान मिळून तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवसकार्य झालं, त्याने घराला कुलूप लावलं, चावी माझ्या हातात दिली आणि गेला तो गेलाच. पुन्हा गावाकडे फिरकला नाही. शुक्रवारचा फोन मात्र चुकवत नाही. "बरी हायस ना? पोरं बरी? ठेवतो." एवढंच. घराचा विषय काढला की त्याला लगेच काम निघतं. मी पण मग काढायची बंद झाले.

माहेर आमचं बोर्ली पंचतनच्या अलीकडे, छोटं गाव. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. ओटीवर पाटावर बसते, बायका देवीची ओटी भरतात, घरचा माणूस नारळ देतो, देवीला गाऱ्हाणं घातलं जातं. बंद घरासमोर मात्र पालखी थांबत नाही. नारळ द्यायला घरचं कोणी नसेल तर देवीने कोणासाठी थांबायचं, असा गावाचा हिशेब. आई गेल्यापासून मी दर शिमग्याला जाते, शेजारच्या अंगणात उभी राहते आणि ढोल आमच्या दारावरून तसाच पुढे जाताना ऐकते. दादा असता तर, एवढंच डोक्यात येत राहतं.

मग गेल्या वर्षी गावच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळं गाव काकाच म्हणतं, माझ्यामागे लकडा लावला. मुंबईकर आणि आखातवाले दोघांनाही पालखी आपापल्या सोयीच्या वेळेला हवी, फोनवर भांडणं होतात, काकांच्या नाकी नऊ येतात. तेव्हा घरबसल्या नोंदणी करता येईल अशी वेबसाइट बनव. बनवली. घर कुठलं, फोन नंबर, वेळ कोणती, आणि शेवटचा रकाना, नारळ कोण देणार. तो रकाना काकांचा. घरचा माणूस हजर नसेल तर नोंद घ्यायचीच नाही. "लग्न झालेली लेक चालेल का?" मी उगाच विचारल्यासारखं विचारलं. काका म्हणाले, "ती आता दुसऱ्या घरची, बाय." तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, ही अट मी माझ्याच हाताने लिहिली.

लिहिताना मनात एकच होतं. दादाने कधी हा फॉर्म भरला, तर त्याचा अर्थ एकच निघतो. तो येतोय.

यंदा शिमग्याला थोडे दिवस उरले असताना शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. बरी हायस ना वगैरे काही नाही. "तुझी साइट चालत न्हाय," म्हणाला.

"कुठली?"

"पालखीची. सगळं भरलं, बटण दाबलं की पांढरं पान येतंय."

म्हणजे तो येतोय. तोंडाने मात्र मी म्हटलं, "बघते हां, थांब," आणि लॅपटॉप पुढे ओढून लॉग उघडला. चूक समोरच होती. फोन नंबर अमान्य. आमच्या गावात दर दुसऱ्या घरातला माणूस मस्कतला नाहीतर दोह्याला, आणि मी, आखातातल्या माणसाची बहीण, फोन नंबर दहा आकडीच हवा अशी अट घालून बसले होते. मस्कतचा नंबर आठ आकडी असतो. त्याचा तर मला तोंडपाठ आहे. वर नंबर चुकला तर काय सांगायचं ते लिहायचंच विसरले होते, म्हणून पांढरं पान. बाकीच्यांनी बायकोचा नाहीतर बापाचा इथला नंबर टाकून भागवलं होतं. दादाकडे टाकायला इथला नंबर एकच होता, माझा, आणि मी पडले दुसऱ्या घरची.

अट काढायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मग काय, नोंद झाली, ठेवतो, संपलं. मी म्हटलं, "दादा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघ."

त्याने उघडलं. "तसंच येतंय."

"मग जुनी साठलेली पानं पुसून टाक. सेटिंगमध्ये जा."

"कुठंशी हाय ते?"

मी सावकाश सांगत गेले. तो शोधता शोधता कुरकुरत होता, आणि मध्येच म्हणाला, "मागल्या दारचा आंबा मोहरला का गं?" मी सांगितलं, मोहरलाय, पण खालच्या फांद्या वाळल्यात. "विहिरीचं पाणी?" आहे म्हटलं. "आणि ओटीवरचा झोपाळा?" झोपाळा मी काढून आत ठेवलाय, कड्या गंजत होत्या. आई गेल्यापासून त्याने पहिल्यांदा घराचं नाव काढलं होतं. मी त्याला वायफाय बंद करायला लावलं, मोबाइलच्या डेटावर बघायला लावलं, फोन बंद करून चालू कर एवढं मात्र सांगितलं नाही, कारण मग फोन कट झाला असता. सासूबाई दारातून डोकावून जेवायला चल म्हणाल्या. मी हाताने नको म्हटलं.

शेवटी मलाच राहवेना. येतोयस का, असं सरळ विचारायचा धीर होत नव्हता. म्हटलं, "काय काय भरलंयस ते वाचून दाखव. चूक कुठे आहे ते तरी कळेल."

त्याने घर वाचलं. आपला नंबर वाचला. वेळ वाचली, संध्याकाळची, आई दिवा लावायची तेव्हाची. मग थांबला.

"पुढे?" मी विचारलं.

"नारळ कोण देणार. तिथं तुझं नाव लिवलंय. माहेरचं."

मला आधी कळलंच नाही. "काका नाही म्हणतील," मी म्हटलं.

"त्यांच्याशी बोललोय. न्हायच म्हणत होते. मी म्हटलं, घर माझं हाय, मी सांगेन ती घरची. मग गप झाले."

"म्हणजे तू येत नाहीस."

"रजा न्हाय," तो म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलं नसावं. "रजा मागितलीच न्हाय. मी उंबऱ्यात आलो आणि आतून आईची हाक आली न्हाय तर काय करू? मला जमायचं न्हाय गं. तू जातेस-येतेस, तुला जमतं."

माझं डोकंच फिरलं. "मला काय जमतं? दर वर्षी लोकांच्या अंगणात उभी राहते मी. मला पालखी नकोय दादा, तू हवायस. कळतंय का तुला?" स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. सगळ्या घराला ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

त्याच्या मागे कोणीतरी अरबीत काहीतरी ओरडत होतं, दार आपटलं. मग तो म्हणाला, "मी न्हाय तर न्हाय. पालखी तरी आईच्या ओटीवर येऊ दे."

फाइल समोर उघडीच होती. दहा आकड्यांची ती अट तशीच ठेवली असती तर नोंद झाली नसती, घर बंदच राहिलं असतं आणि पुढच्या वर्षी तो स्वतः येईल अशी आशा मला धरता आली असती. मी ती ओळ खोडली. सर्व्हरवर चढवली. डोळे गळत होते, स्क्रीन नीट दिसत नव्हती, म्हणून पुन्हा एकदा तपासून बघितलं.

"आता दाब," मी म्हटलं.

"आलं. हिरव्या अक्षरात. नोंद झाली म्हणतंय."

मी लॉग पुन्हा उघडला, नवी चूक एकही नव्हती.

"झालं ना तुझं काम?" त्याने विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "अजून एक तपासायचंय." तपासायचं काहीही उरलं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं असणार.

"तपास," तो म्हणाला. "मला सुट्टी हाय. सावकाश तपास."